आयर्लंडचे देव आणि आजची जादू

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

गेल्या वर्षीची गोष्ट. ३१ ऑक्टोबरच्या रात्री होस्टेलच्या कॉमन रूममध्ये पोरांनी हॅलोविन केलं. ड्रॉइंग शीटचे मुखवटे, मेसमधून मागून आणलेला लाल भोपळा, त्याला चाकूने पाडलेले डोळे आणि आत मेणबत्ती. रात्रपाळीचे वॉचमन काका दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "काय रे पोरांनो, पितृपक्ष तर कधीच संपला. हे कुणाच्या नावानं चाललंय?"

सगळे हसले. पण खरं सांगायचं तर उत्तर कुणालाच देता आलं नाही. "अमेरिकेत करतात काका," एवढंच कुणीतरी बोललं.

प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. (पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं, हा नियम सगळ्या ब्रांचना लागू आहे!) भोपळ्याचा माग काढत मी अमेरिकेतून आयर्लंडमध्ये पोचलो आणि तिथे भेटले देव. नुसते पुस्तकातले नव्हेत. ज्यांच्या नावाने आजही जगभर लोक दिवे लावतात, नैवेद्य ठेवतात आणि 'जादू' करतात असे देव. त्यांची ही ओळख.

आधी एक खुलासा. आपल्याकडे जादू म्हटलं की एकतर स्टेजवरची हातचलाखी आठवते, नाहीतर करणी, भानामती आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. इथे जादू म्हणजे वेगळी गोष्ट आहे. युरोप-अमेरिकेत गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत एक विधिपद्धती तयार झाली. ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने विधी करायचा, देवतेचं आवाहन करायचं, डोळे मिटून चित्र उभं करायचं आणि त्यातून आपल्या मनात किंवा परिस्थितीत बदल घडवायचा प्रयत्न करायचा. करणारे स्वतःच त्याला जादू म्हणतात. ती 'चालते' की नाही हे सिद्ध करायला हा लेख नाही. त्या देवांना पूर्वी कोणतं काम होतं आणि आज कोणतं दिलं गेलंय, एवढंच आपण बघणार आहोत.

पोथ्या कुणी लिहिल्या?

पाचव्या शतकात आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरू लागला. त्याआधी तिथे लांबलचक लिखाण नव्हतं. दगडाच्या कडेवर रेघा कोरून नावं लिहायची 'ओगम' नावाची लिपी होती. तसे सुमारे ४०० दगड आज शिल्लक आहेत. पण त्यांवर बहुतेक 'अमक्याचा मुलगा तमका' एवढंच. देवांच्या कथा कागदावर, म्हणजे कातड्यावर, उतरल्या त्या नंतर, मठातल्या ख्रिस्ती लोकांच्या हातून.

गंमत बघा. ज्यांनी हे देव मानायचे नाहीत त्यांनीच ते जपून ठेवले! अर्थात आपल्या पद्धतीने. कुठे त्यांना प्राचीन वीर केलं, कुठे जादूविद्या शिकून आलेली माणसं केलं. अकराव्या शतकात 'आयर्लंडच्या आक्रमणांचा ग्रंथ' तयार झाला. त्यात बायबलमधल्या नोआपासून वंशावळ काढून या मंडळींना एका रांगेत बसवलंय. तिथे त्यांचं नाव आहे 'तुआहा डे दानन'. साधारण अर्थ, दानूची प्रजा. पुढे माणसांशी हरल्यावर हे लोक जमिनीखाली, टेकाडांच्या आत राहायला गेले. अशा टेकाडाला आयरिशमध्ये 'शी' म्हणतात. भुताच्या सिनेमातली 'बॅन्शी' ऐकली असेल. ती म्हणजे 'शी'मधली बाई.

मॉय तुराची लढाई

या देवांची मुख्य कथा म्हणजे मॉय तुराची दुसरी लढाई. पूर्ण स्वरूपात ती सोळाव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितात सापडते, भाषा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. आपल्या कॉलेजमधल्या पोरांना ही कथा आवडेलच, कारण तिच्यात मेस आहे, इंटरव्ह्यू आहे आणि वर्कशॉपही आहे.

आधी मेस. देवांचा राजा नुआदा. एका लढाईत त्याचा हात तुटला. अंगात व्यंग असलेल्याने राज्य करायचं नाही असा नियम, म्हणून ब्रेस नावाचा देखणा राजा आला. हा पक्का कंजूष. त्याच्या घरून पाहुणा परतला तर त्याच्या सुरीला चरबीचा ओशटपणा नाही आणि तोंडाला बिअरचा वास नाही, अशी तक्रार. बलाढ्य ओग्माला त्याने सरपण वाहायला लावलं आणि दाग्दाला खंदक खणायला. एक कवी पाहुणा आला, तर त्याला अंधाऱ्या खोपटात ठेवून तीन कोरड्या भाकऱ्या दिल्या. सकाळी जाता जाता कवीने राजावर चार टोमण्यांचं कवन रचलं आणि त्या दिवसापासून राजाला उतरती कळा लागली. आयर्लंडमधलं पहिलं उपहासकाव्य ते हेच, असं पोथी सांगते. म्हणजे साहित्याचा एक प्रकारच खराब मेसमधून जन्मला!

इकडे नुआदाला वैद्य डीअन केख्तने चांदीचा, हलणारा हात बसवून दिला. आजच्या भाषेत प्रोस्थेसिस. पण वैद्याचा मुलगा मिआख याने त्याच्याही पुढे जाऊन खराखुरा, मांसाचा हात पुन्हा जुळवला. बापाला हे सहन झालं नाही. त्याने मुलाला ठार केलं. मिआखच्या थडग्यावर ३६५ वनस्पती उगवल्या, शरीराच्या सांध्या-शिरांइतक्या. बहीण आर्मेद हिने आपला झगा पसरून त्या गुणांनुसार लावून ठेवल्या, आणि बापाने येऊन सगळ्या एकमेकांत मिसळून टाकल्या. म्हणून कोणती वनस्पती कशावर चालते हे पूर्ण कुणालाच ठाऊक नाही. ज्ञान हाताशी आलं होतं आणि मत्सरापायी गेलं. ही कथा मला सगळ्यात जास्त लागली.

मग इंटरव्ह्यू. हात बरा झालेला नुआदा पुन्हा गादीवर आहे. तारा नावाच्या टेकडीवर राजाची मेजवानी चालू आहे. दाराशी एक तरुण येतो. नाव लू. द्वारपाल म्हणतो, कला येत नसेल तर आत प्रवेश नाही. लू म्हणतो, मी सुतार आहे. द्वारपाल म्हणतो, सुतार आहे आमच्याकडे. लोहार? आहे. वीणावादक? आहे. कवी, वैद्य, योद्धा, पितळकाम करणारा? सगळे आहेत. शेवटी लू म्हणतो, राजाला विचार, हे सगळं एकट्याला येतं असा कुणी आहे का? दार उघडतं. या लूला 'समिलदानाख' म्हणतात, म्हणजे सगळ्या कला एकत्र येणारा.

आणि वर्कशॉप. लढाईच्या तयारीत लू एकेकाला विचारतो, तू काय देणार? लोहार गोवन्यू भाल्याची पाती घडवतो, सुतार लुख्ता दांडे घडवतो, क्रेद्ने रिव्हेट देतो. प्रत्येकाचं काम तीन घावांत पुरं. काल बोथट झालेला भाला आज नवा होऊन येतो. शत्रूला कळेना की यांची हत्यारं संपत कशी नाहीत. लढाईत लूने गोफणीच्या दगडाने बालरचा घातकी डोळा फोडला. तो बालर म्हणजे लूचाच आजोबा. पण लढाई निम्मी जिंकली ती शॉपफ्लोअरने, हे आपण मेकॅनिकलवाल्यांनी लक्षात ठेवावं.

या देवांचं वैशिष्ट्य हेच. 'हा अमक्या तत्त्वाचा देव' अशी विभागणी इथे फार नाही. तुला काय करता येतं, हा पहिला प्रश्न. देव ओळखले जातात ते त्यांच्या कामावरून.

नावांची नाती

आयरिश आणि संस्कृत या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. आयरिशमध्ये गाईला 'बो' म्हणतात, आपली 'गो' तीच. मॉरिगन या युद्धदेवीच्या नावातलं 'रिगन' म्हणजे राणी. संस्कृत 'राज्ञी' त्याच मुळाची. ब्रिगिड हे नाव 'उच्च, थोर' या अर्थाच्या शब्दापासून आलं आणि 'बृहती' हा त्याचा सख्खा नातेवाईक.

पण नावं सारखी दिसली म्हणून लगेच टाळी वाजवू नये. ऋग्वेदात वृत्राची आई दानू आहे आणि इकडे दानूची प्रजा, म्हणजे दोघी एकच, असं पुष्कळदा लिहिलं जातं. गोची अशी की जुन्या आयरिश पोथ्यांत 'दानन' हे षष्ठीचं रूप मिळतं. 'दानू' हे मूळ रूप अभ्यासकांनी मागाहून बसवलेलं आहे. नातं असेलही. पण ते गणित पुरं सोडवलेलं नाही.

मधली पोकळी

आता मुख्य अडचण. पोथ्यांत कथा आहेत, पूजाविधी नाहीत. दाग्दाला कोणत्या तिथीला काय वाहायचं, लूसाठी काय म्हणायचं, यातलं काही मठवाल्यांनी लिहून ठेवलेलं नाही. चार सणांची नावं मिळतात. १ फेब्रुवारीचा इम्बोल्क, १ मेचा बेल्टन, १ ऑगस्टचा लूनसा आणि १ नोव्हेंबरचा, म्हणजे आदल्या रात्रीपासून सुरू होणारा साउन. (स्पेलिंग बघून 'सॅमहेन' म्हणाल, पण तसं नाही, साउन!) शिवाय खेड्यापाड्यांत टिकलेल्या चालीरीती. बस्स. मशीनचे काही सुटे भाग आणि जुन्या चालवणाऱ्यांच्या गोष्टी हातात आहेत, मॅन्युअल हरवलंय. मग आज लोक जे विधी करतात ते आले कुठून?

मॅन्युअल नव्याने लिहिलं जातं

१८८८ साली लंडनमध्ये 'गोल्डन डॉन' नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. ज्यू, इजिप्शियन, ग्रीक असं सगळं एकत्र करून त्यांनी विधींचा अभ्यासक्रमच बनवला. आयरिश कवी विल्यम बटलर येट्स १८९० मध्ये त्यात दाखल झाला. हाच तो १९२३ चा नोबेलवाला. त्याला वाटलं, इजिप्तचे देव कशाला, आपल्या घरचे आहेत की! रॉसकॉमन परगण्यातल्या लॉख की तळ्यात बेटावर एक किल्ला आहे. तिथे आयरिश देवांची स्वतंत्र उपासना सुरू करायचं त्याचं स्वप्न होतं. कित्येक वर्षं तो विधी लिहीत राहिला, पण ते मंदिर काही उभं राहिलं नाही.

त्यातली एक कल्पना मात्र टिकली. पोथीत तुआहा डे दाननांनी चार शहरांतून चार वस्तू आणल्या असं आहे. खरा राजा आला की ओरडणारा फाल नावाचा दगड, लूचा भाला, नुआदाची तलवार आणि कुणालाही उपाशी न पाठवणारी दाग्दाची कढई. येट्सच्या मंडळींनी या चार वस्तू टॅरोच्या चार रंगांशी आणि चार महाभूतांशी जोडल्या. आज असंख्य विधींत चार दिशांना या चार वस्तू मांडतात. दगड म्हणजे पृथ्वी, कढई म्हणजे जल, भाला म्हणजे अग्नी, तलवार म्हणजे वायू. पोथीत वस्तू आहेत, शहरांची नावं आहेत, महाभूतं नाहीत. ती १९ व्या शतकाची भर.

जाता जाता एक आपल्याकडचा धागा. म्हातारपणी येट्सचा सहकारी झाला तो आपला माणूस. विदर्भातल्या बडनेऱ्याला जन्मलेले श्री पुरोहित स्वामी. दोघांनी मिळून दहा प्रमुख उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९३७ मध्ये प्रसिद्ध झालं. आयरिश देवांसाठी मंदिर बांधू पाहणारा कवी शेवटी एका वैदर्भीय संन्याशाबरोबर उपनिषदं लावत बसला होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

पुढचा टप्पा १९४८. रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज या इंग्रज कवीने 'द व्हाइट गॉडेस' हे पुस्तक लिहिलं. त्यात ओगमच्या अक्षरांवरून तेरा महिन्यांचं 'वृक्ष कॅलेंडर' मांडलं आणि कुमारी, माता, वृद्धा अशा तीन रूपांची एक देवी मांडली. ओगममधल्या काही अक्षरांना झाडांची नावं आहेत हे खरं. पण असं कॅलेंडर प्राचीन आयर्लंडमध्ये होतं याला पुरावा नाही. तरी ते इतकं पसरलं की आजही 'प्राचीन सेल्टिक राशिभविष्य' म्हणून विकलं जातं.

१९५१ मध्ये ब्रिटनमधला जुना चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम अधिकाऱ्याने पुस्तक लिहून 'विक्का' हा पंथ जगासमोर आणला. त्याच दशकात चार आयरिश सण, दोन अयनदिन आणि दोन विषुवदिन एकत्र करून आठ सणांचं 'वर्षचक्र' जमवलं गेलं. १९७६ मध्ये आयर्लंडच्याच कार्लो परगण्यात, क्लोनेगलच्या किल्ल्यात 'फेलोशिप ऑफ आयसिस' सुरू झाली. १९८३ मध्ये अमेरिकेत आयझॅक बोनविट्‌सने स्वतःचा ड्रुइड पंथ काढला.

कोण काय काम करतो : तेव्हा आणि आता

आता मूळ प्रश्नाकडे. काही ठळक देव घेऊ.

लू : पोथीत सर्वकलानिपुण. आज त्याला नवीन कला शिकताना, परीक्षेआधी, नोकरीच्या मुलाखतीआधी आवाहन करतात. १ ऑगस्टच्या आसपास नव्या धान्याचा पाव भाजून त्याच्या नावाने ठेवतात. पोथीप्रमाणे हा सण लूने आपली पालक-आई तालतू हिच्या स्मरणार्थ सुरू केला. जंगल तोडून शेतजमीन मोकळी करताना ती दमून मेली. 'लू म्हणजे सूर्यदेव' हे लेबल मात्र १९ व्या शतकातल्या अभ्यासकांनी चिकटवलेलं.

दाग्दा : अर्थ 'चांगला देव', म्हणजे कामाला चांगला. त्याच्या सोट्याचं एक टोक मारतं, दुसरं जिवंत करतं. शत्रूने थट्टा म्हणून खड्डाभर लापशी केली, त्यात अख्खी डुकरं-मेंढ्या टाकल्या, तर याने ती संपवून खड्डाही बोटाने पुसून घेतला. आज तो पाहुणचाराचा, घर भरलेलं राहण्याचा देव. त्याच्या विधीत जेवण वाढणं हेच मुख्य.

मॉरिगन : रणांगणावर कावळ्याच्या रूपाने फिरणारी, भविष्य सांगणारी. वीर कू खुलिनच्या शेवटच्या क्षणी त्याच्या खांद्यावर पक्षी बसतो. तो पुतळा डब्लिनच्या मुख्य पोस्ट ऑफिसात आहे. आज हिची उपासना करणाऱ्यांत बायका पुष्कळ. घरातला किंवा नात्यातला जाच सोडून बाहेर पडताना, ठाम 'नाही' म्हणताना त्या हिचा आधार घेतात. 'स्वतःवरची सत्ता' देणारी देवी असा अर्थ आज लावला जातो. तो पोथीत थेट नाही, पण राणी, भविष्य आणि मृत्यू यांतून तो कसा निघाला हे समजतं. तिला 'म्हातारी' ठरवणं ही मात्र ग्रेव्ह्‌जच्या तीन रूपांची कृपा.

मनानान : समुद्राचा स्वामी, धुक्याचा झगा पांघरणारा, पलीकडच्या बेटांचा मालक. बोनविट्‌सच्या पंथात विधीच्या सुरुवातीला 'द्वारपाल' लागतो, जो या जगाचं दार उघडून देतो; आयरिश पद्धतीने करणारे तिथे बहुधा मनानानला बोलावतात.

आर्मेद : पोथीत जेमतेम एक परिच्छेद, तो वर सांगितलाच. आज जडीबुटी करणाऱ्यांची ती लाडकी देवी. विस्कटलेलं पुन्हा लावायला घेणं हेच तिचं काम मानतात. एका परिच्छेदावर एवढी मोठी उपासना उभी आहे, पण कथाच तशी आहे.

ब्रिगिड : एक ज्योत, अनेक हात

ब्रिगिडला वेगळी जागा द्यायला हवी. इ.स. ९०० च्या सुमारास कॉर्मकच्या शब्दकोशात तिची नोंद आहे. ती कवींची देवी, आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची, एक लोहारकामाची. (तीन बहिणी, तीन वयं नव्हेत!) आणि त्याच नावाची ख्रिस्ती संत ब्रिगिड, किल्डेअरच्या मठाची संस्थापिका. देवीच संत झाली की संताला देवीच्या कथा चिकटल्या, यावर अभ्यासकांचा वाद चालूच आहे.

बाराव्या शतकात जेराल्ड नावाचा वेल्श पाद्री किल्डेअरला गेला होता. त्याने लिहिलंय की तिथे एक अग्नी अखंड जळतो. एकोणीस जोगिणी एकेक रात्र राखण करतात आणि विसाव्या रात्री ब्रिगिड स्वतः सांभाळते असं मानून लाकडं ठेवून सगळ्या निघून जातात. कुंपणाच्या आत पुरुषाने जायचं नाही.

तो अग्नी पुढे विझला. १९९३ मध्ये किल्डेअरच्या बाजारचौकात ब्रिगिडाइन कॅथलिक सिस्टर्सनी तो पुन्हा पेटवला. आज चौकात त्याचं स्मारक आहे. आणि त्याच वीस रात्रींच्या हिशोबाने देवी मानणारे लोकही ज्योत राखतात. एकोणीस जणांचा गट, कुणी कॅनडात, कुणी ऑस्ट्रेलियात. ज्याची पाळी त्याने आपल्या घरी एक रात्र-दिवस दिवा लावायचा. विसावी पाळी ब्रिगिडची.

३१ जानेवारीच्या संध्याकाळी कापडाचा तुकडा घराबाहेर ठेवायचा, रात्री ब्रिगिड जाताना त्याला स्पर्श करते आणि वर्षभर ते कापड डोकेदुखीवर बांधायचं, ही आयरिश खेड्यांतली जुनी कॅथलिक चाल. आज तीही जादूच्या पुस्तकांत आहे. आजी करायची ती 'चाल' आणि नात करते ती 'जादू', फरक एवढाच! २०२३ पासून आयर्लंडमध्ये ब्रिगिडच्या नावाने सरकारी सुट्टीही सुरू झाली.

मला वाटतं या सगळ्या विषयातलं हे सर्वात धडधाकट उदाहरण. जुना उल्लेख आहे, मधला खंड कुणी लपवत नाही, आणि नवं काय सुरू केलं त्याची तारीख माहीत आहे.

भांडण कशावरून?

या उपासकांत आपसात पुष्कळ वाद आहेत. एका बाजूला म्हणणारे, आठ सण आणि चार महाभूतं आम्हाला लागू पडतात, मग जुनी असोत की नवी. दुसऱ्या बाजूला 'पुनर्रचनावादी'. ते पोथ्या मूळ भाषेतून वाचतात, चार महाभूतांऐवजी जमीन, समुद्र, आकाश अशी आयरिश त्रिविभागणी घेतात आणि प्रत्येक विधीला 'हे कुठून आणलं' ते विचारतात. आपल्या वायवाच्या एक्स्टर्नलसारखे! आणि तिसऱ्या बाजूला साधे आयरिश लोक, ज्यांना वाटतं की हे आमच्या आजोळचं सामान आहे आणि जगाच्या बाजारात विकलं जातंय.

भांडण नेहमी तोंडीच राहतं असंही नाही. उत्तर आयर्लंडमध्ये बिनेव्हेना डोंगरावर मनानानचा पुतळा उभारला होता. जानेवारी २०१५ मध्ये तो करवतीने कापून पळवला गेला. जागेवर एक लाकडी क्रूस सापडला, त्यावर अन्य देव नकोत अशा अर्थाची बायबलमधली आज्ञा. महिन्याभराने पुतळा मोडक्या अवस्थेत मिळाला आणि २०१६ मध्ये तिथे नवा बसवला. तारा टेकडीवर ज्याला लिया फाल म्हणतात त्या दगडावरही २०१२ मध्ये हातोडा चालला आणि २०१४ मध्ये कुणीतरी रंग ओतला. म्हणजे देव 'जुने' झाले असं म्हणायची सोय नाही!

पण मला खरी चिंतेची वाटली ती वेगळीच गोष्ट. या देवांची नावं ज्या भाषेत आहेत ती भाषा. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश बोलणारे लाखो लोक मेले किंवा देश सोडून गेले. हॅलोविन अमेरिकेत गेलं ते याच लोकांबरोबर. आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे, तिकडे भोपळा मिळाला. आज आयर्लंडच्या शाळांत आयरिश शिकवतात, पण २०२२ च्या जनगणनेप्रमाणे शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे ७२ हजार. लूच्या नावाने दिवा लावणारा जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात सापडेल. पण लूची गोष्ट त्याच्या भाषेत आजीकडून ऐकलेला विरळाच. आयरिशमध्ये अजूनही ऑगस्टला 'लूनसा' आणि नोव्हेंबरला 'साउन' म्हणतात. देव कॅलेंडरमध्ये जिवंत आहेत. ते कॅलेंडर वाचणारे उरले पाहिजेत.

कॉलेजच्या मासिकातल्या मराठी विभागात हे लिहिताना मला जरा जास्तच जाणवलं, हे कबूल करतो. या वर्षी या विभागाला किती लेख आले ते संपादकांना विचारा!

तर मित्रांनो, एवढ्या वाचनातून मी शिकलो ते असं. 'पाच हजार वर्षांपूर्वीचा मंत्र' असं कुणी म्हणालं की लू ज्या दाराशी उभा होता तिथला द्वारपाल व्हायचं आणि विचारायचं. पोथीत आहे का? कोणत्या शतकातल्या? की १८९०, १९४८, १९५४ मधली भर? नवीन असणं हा गुन्हा नाही. किल्डेअरची ज्योत १९९३ ची आहे आणि तिचं काही बिघडलं नाही. नव्याला जुनं म्हणून खपवलं की मात्र दोघांचं नुकसान. जुनं होतं तसं कळत नाही आणि नवं ज्यांनी मेहनतीने घडवलं त्यांचं नाव जातं. हा नियम फक्त आयर्लंडपुरता आहे असं मला वाटत नाही.

असो. पीएल संपता संपता एका रात्री चहा घेऊन काकांकडे गेलो आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, काका, तिकडे त्या रात्री जुनं वर्ष कूस बदलतं. टेकाडांची दारं उघडतात, आत गेलेले देव बाहेर येतात, असं जुन्या गोष्टींत आहे. पुढे चर्चने त्याच सुमाराला मेलेल्यांसाठी प्रार्थनेचा दिवस ठेवला, मग पितरंही आली.

काका म्हणाले, "मंग म्या काय वेगळं म्हणलो होतो? आणि नाव काय म्हणालास त्या सणाचं?"

"साउन."

"साउन," काका म्हणाले. एकदम बरोबर. त्यांनी स्पेलिंग बघितलंच नव्हतं.